किताबाविना कुस्ती: सीमाभागातील मैदानांची परंपरा

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात आणि दक्षिणेस खानापूर-नंदगडच्या बाजूस, जत्रेच्या निमित्ताने किंवा एखाद्या मंडळाच्या पुढाकाराने नामवंत मल्लांना निमंत्रण देऊन ज्या कुस्त्या भरविल्या जातात त्यांस ‘मैदान’ म्हणतात. मैदानात सोडत नसते, बाद फेऱ्या नसतात आणि जिंकणाऱ्यास राज्याचा वा देशाचा किताबही मिळत नाही. कोणी कोणाशी लढावे हे संयोजक आणि वस्ताद, म्हणजे तालमीतील गुरू, आधी बसून ठरवितात आणि यालाच जोड लावणे असे म्हणतात. किताबाविना लढती इतर खेळांतही होतात: जून 2020 मध्ये महासाथीमुळे टेनिसचे जग थांबले असता ब्रिटिश टेनिसपटू जेमी मरे याने लंडनमध्ये ब्रिटनच्या अव्वल पुरुष खेळाडूंची जी प्रदर्शनी स्पर्धा भरविली, तीत मानांकनाचे गुण नव्हते. मात्र तेथे निदान सामन्यांचा तक्ता होता, मैदानात तोही नसतो.

या परंपरेला राजाश्रय मिळाला तो करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान खुले केले आणि उत्तरेकडील मल्ल तेथे लढू लागले. सीमाभागापैकी रायबागचा भाग संस्थानातच होता, तर नंदगड ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. कुस्तीच्या शौकाला मात्र संस्थानाची हद्द कधी आडवी आली नाही.

1956 मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि 1961 पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. अशा स्पर्धेत मल्ल उतरतो तो आपल्या जिल्ह्याच्या वा शहराच्या नावाने, त्यामुळे किताब राज्याच्या चौकटीत राहतो. मैदानाचे निमंत्रण मात्र कोणत्याही राज्याच्या मल्लाला जाऊ शकते. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापुरात घडले आणि 1959 मध्ये पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंद केसरी झाले; ती लढत किताबाची असली, तरी सीमेपलीकडे जाऊन घडण्याच्या मोकळ्या वाटेचे ते ठळक उदाहरण होय.

मैदानाचा खरा कस निकाली कुस्तीत लागतो. निकाली म्हणजे गुणांवर न सुटता प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत, अर्थात तो चीत होईपर्यंत, चालणारी कुस्ती. हळद, ताक, लिंबू आणि तेल मुरविलेल्या लाल मातीत, हलगीच्या कडकडाटात ती रंगते. पण जोडी माणसांनीच ठरवायची, तेव्हा निकालही आधीच ठरविण्याचा मोह होतो, आणि अशा संगनमताच्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. प्रेक्षकांना तिचा वास लागतो आणि मग मैदानाची पत जाते. स्पर्धेच्या नियमांचे कवच नसल्याने संयोजकांची अब्रू हीच येथे एकमेव हमी ठरते.

ही हमी पुरेपूर वठली ती 1977 मध्ये, जेव्हा बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी दिल्लीच्या सतपाल यांना हरविले. बिराजदार हे 1969 चे महाराष्ट्र केसरी आणि 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक विजेते होते. तरीही कुस्तीशौकिनांच्या बोलण्यात पदकांच्या आधी ही किताबाविना झालेली लढत येते. पुढे दोघेही वस्ताद झाले: बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत, तर सतपाल दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये, जेथे त्यांचा शिष्य सुशील कुमार ऑलिम्पिकच्या गादीवरील, वेळेच्या आणि गुणांच्या कुस्तीत तयार झाला.