कोकालिक सुत्तातील गणना आणि ‘नहुत’ शब्दाचा अर्थ

पालि वाङ्मयातील प्रचंड संख्यांपुढे वाचक बहुधा दोनपैकी एक भूमिका घेतात. काही जण श्रद्धेने त्या वाचून पुढे जातात, तर काही जण अतिशयोक्ती म्हणून त्या सोडून देतात. दोन्ही प्रकारांत संख्या मोजली जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशी एक संख्या मोजून पाहणार आहोत. कारण एका पालि शब्दाचा अर्थ त्या मोजणीवर अवलंबून आहे.

सुत्तनिपाताच्या महावग्गात कोकालिक सुत्त आहे. त्यातील कथाभाग संयुत्तनिकायातही येतो. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याविषयी कोकालिक भिक्षूने दुष्ट बुद्धीने निंदा केली. तथागतांनी वारंवार समज देऊनही तो मागे हटला नाही आणि मृत्यूनंतर पदुम निरयात गेला, अशी ती कथा होय. निरयाची कल्पना शब्दशः घ्यावी की नाही, हा आमच्या लेखाचा विषय नाही. पदुम निरयातील आयुर्मर्यादा किती, असे एक भिक्षू विचारतो. ती वर्षांत सांगणे सोपे नाही, परंतु उपमा देता येईल, असे उत्तर त्याला मिळते.

ती उपमा म्हणजे एक शाब्दिक उदाहरणच होय. कोसल देशातील वीस खारी तिळांनी भरलेली एक गाडी आहे. दर शंभर वर्षांनी एका माणसाने त्यातील एकच तीळ उचलावा. अशा रीतीने ती गाडी रिकामी होईल, पण एक अब्बुद संपणार नाही. वीस अब्बुदांचा एक निरब्बुद, वीस निरब्बुदांचा एक अबब, असे करीत दहाव्या स्थानी पदुम येते. येथे पहिले पद, गुणोत्तर आणि पदसंख्या ही भूमितिश्रेढीची तिन्ही अंगे स्पष्ट आहेत. अब्बुद हे एकक मानल्यास पहिले पद १, गुणोत्तर २० आणि पदे १० होतात.

आजच्या संकलन-चिन्हाने हे थोडक्यात लिहिता येते. लेओनार्ड ऑयलर याने १७५५ मध्ये बेरजेसाठी ग्रीक ‘सिग्मा’ हे अक्षर योजले. त्या अक्षराखाली ‘क = १’, वर ‘१०’ आणि पुढे ‘२० चा (क − १) वा घात’ असे लिहावे. याचा अर्थ असा की, ‘क’ला १ पासून १० पर्यंत किमती देऊन येणाऱ्या पदांची बेरीज करावी. या मांडणीत एकेक पद आणि सर्व पदांची बेरीज या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. दहावे पद २० चा ९ वा घात, म्हणजे ५,१२,००,००,००,००० येते. दहाही पदांची बेरीज, २० च्या १० व्या घातातून १ वजा करून १९ ने भागल्यास, ५,३८,९४,७३,६८,४२१ येते.

आता सुत्ताच्या अखेरच्या गाथांकडे वळू. तेथे पदुम निरयासाठी जाणत्यांनी मोजलेल्या तिळाच्या गाड्या पाच नहुत कोटी आणि आणखी बाराशे कोटी सांगितल्या आहेत. कच्चायन व्याकरणाच्या परंपरेत नहुत म्हणजे एकावर २८ शून्ये. तो अर्थ घेतला तर पुढचे बाराशे कोटी निरर्थक ठरतात. समुद्रात ओंजळभर पाणी टाकावे तसे ते आहेत. उलट विनयपिटकात बिंबिसाराबरोबर बारा नहुत मगधवासी आल्याचा उल्लेख आहे. तेथे अट्ठकथाकार नहुत म्हणजे दहा हजार असा अर्थ देतात. तो येथे लावल्यास पन्नास हजार कोटी अधिक बाराशे कोटी, म्हणजे ५१,२०० कोटी होतात. हेच २० च्या ९ व्या घाताचे मूल्य आहे. त्यात एकाचाही फरक नाही.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. या गाथेत नहुत म्हणजे दहा हजारच. आणि गाथाकाराने मोजले ते दहावे पद, बेरीज नव्हे. प्रश्नही तेवढाच होता. मात्र गद्यात एक अब्बुद गाडी रिकामी होण्याच्या काळाहून मोठा म्हटला आहे. गाथाकाराने अब्बुदास एक गाडी धरून हिशेब केला. अखेरच्या दोन गाथा महाअट्ठकथेच्या पाठात नाहीत, असे परमत्थजोतिका नोंदविते. उपमेचे गणित करून पाहणारा कोणी विद्वान परंपरेत होता, असे आम्हांस वाटते.

बेरजेचा नियम महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रहा’त दिला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन रोज दुप्पट देणाऱ्या दात्याचे उदाहरण आहे, महिन्याची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या होते. तेथे बेरीज विचारली आहे, सुत्तात पद विचारले आहे. हा भेद न पाहता आधुनिक गणित सारे तिपिटकात होते असे म्हणणे धम्माचा गौरव नव्हे. अब्बुद, पदुम ही नावे कच्चायनाच्या यादीत पुन्हा येतात, पण तेथे गुणोत्तर कोटीचे आहे. म्हणून नावावरून संख्या ठरवू नये. पहिले पद, गुणोत्तर आणि पदसंख्या पाहावी, मग अर्थ लावावा.