व्याजवाढीचीं तीन वर्षें

व्याजाचा दर चढला म्हणजे ऋणकोचा तोटा आणि धनकोचा नफा, असा सरळ हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोन माणसांच्या देवघेवीपुरता तो खराही आहे. परंतु एखाद्या मोठ्या राष्ट्राची मध्यवर्ती बँक जेव्हां बुद्धिपुरस्सर व्याज चढविते, तेव्हां धनको कोण आणि ऋणको कोण हेंच ओळखूं येईनासें होतें. अमेरिकेंत १९७९ पासून १९८२ पर्यंत झालेली व्याजवाढ हें याचें अलीकडच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण होय. त्या प्रकरणाविषयीं अर्थशास्त्रज्ञांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्हांस येथें त्यांच्या सिद्धान्तांपेक्षां त्याची झळ कोणाकोणाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोंचली एवढेंच पाहावयाचें आहे.

व्हिएतनामचें युद्ध, सरकारचा वाढता खर्च आणि १९७३ व १९७९ सालीं भडकलेले तेलाचे भाव यांमुळें त्या देशांत महागाई मुरली होती. १९७९ च्या ऑगस्टमध्यें फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षपदीं पॉल व्होल्कर आले. सहा फूट सात इंच उंचीचा, स्वस्त चिरूट ओढणारा हा गृहस्थ. त्या सप्टेंबरअखेर बेलग्रेड येथें त्यांच्या पूर्वींचे एक अध्यक्ष आर्थर बर्न्स यांनीं मध्यवर्ती बँकांच्या मनस्तापावर व्याख्यान दिलें. राजकीय वातावरणापुढें महागाई आवरणें या बँकांस जमलें नाहीं, असा त्याचा सूर होता. व्होल्कर बेलग्रेडहून लौकर परतले आणि ६ ऑक्टोबर १९७९ रोजीं, शनिवारीं, त्यांनीं नवें धोरण जाहीर केलें. यापुढें बँक चलनाच्या पुरवठ्यावर लगाम ठेवील, व्याज जाईल तिकडे जाईल! या युक्तींत शास्त्राइतकेंच राजकीय चातुर्यही होतें असें आम्हांस वाटतें; कारण व्याज शेंकडा वीसवर नेण्याचा ठराव उघडपणें मांडण्याची छाती कोणास झाली असती?

पहिलें वर्ष धरसोडीचें गेलें. मार्च १९८० मध्यें महागाई शेंकडा १४.८ झाली. अध्यक्ष कार्टर यांनीं कर्जांवर निर्बंध घातले, तेव्हां लोकांनीं आपलीं क्रेडिट कार्डें कात्रीनें कापून त्यांच्याकडे धाडलीं. खरेदी एकदम आटली, व्याज उतरलें, आणि महागाई तशीच राहिल्यामुळें पुन्हां चढविणें भाग पडलें. डिसेंबर १९८० मध्यें उत्तम पतीच्या व्यापाऱ्यांस मिळणाऱ्या कर्जाचा दर शेंकडा २१.५ होता.

आतां घरांचें पाहूं. घरासाठीं तीस वर्षांचें, एकाच ठरलेल्या दराचें कर्ज घेण्याची तेथें रूढि आहे. १९७८ च्या आरंभीं हा दर शेंकडा ९ च्या आसपास होता; ऑक्टोबर १९८१ मध्यें तो १८.६३ झाला. पन्नास हजार डॉलरांच्या कर्जाचा मासिक हप्ता शेंकडा ९ नें सुमारें ४०२ डॉलर होतो, १८ नें सुमारें ७५३. शिवाय या दुसऱ्या हप्त्यांतील ७५० डॉलर पहिल्या महिन्याचें व्याजच खातें. मुद्दलांत जमा होतात ते साडेतीन! ज्यांनीं आधींच कर्जें घेतलीं होतीं त्यांस मात्र कांहींच तोशीस लागली नाहीं. उलट, पगार महागाईबरोबर वाढलेले आणि हप्ता जुनाच, म्हणून ते सुखी होते. फक्त त्यांस घर सोडून दुसरीकडे जाववेना, कारण जुन्या दराचें कर्ज सोडून नव्या दराचें कोण घेईल? आपल्याकडील स्थिति निराळी. येथें बहुतेक गृहकर्जें बदलत्या दराचीं असल्यानें, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें रेपो दर शेंकडा ४ वरून ६.५ वर नेला तेव्हां जुन्या कर्जदारांच्याही हप्त्यांवर वा मुदतीवर त्याचा भार पडला. अमेरिकेंत तो सगळा भार नव्या संसाराच्या तरुणांवर आणि घर बांधणाऱ्यांवर पडला. १९७८ मध्यें वीस लाखांवर घरांचें बांधकाम सुरू झालें होतें. १९८२ मध्यें तो आंकडा साडेदहा लाखांच्या जवळ आला. बांधकाम करणाऱ्यांनीं लांकडाच्या तुकड्यांवर विनवण्या लिहून ते टपालानें फेडरल रिझर्व्हकडे पाठविले. मोटार विकणाऱ्यांनीं न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठविल्या.

घर उभें राहिलें नाहीं म्हणजे गवंडी, सुतार, कांच व रंग विकणारे, लाकूड कापणारे सर्वच रिकामे बसतात. चढ्या व्याजाच्या ओढीनें परदेशचा पैसा आला, डॉलर महागला, आणि पोलादाच्या व यंत्रांच्या कारखान्यांचा माल परदेशीं खपेना. १९८२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत बेकारी शेंकडा १०.८ झाली; सव्वा कोटीच्या घरांत माणसें कामाविना होतीं. मोटारींच्या मिशिगन राज्यांत तर तें प्रमाण सोळाच्या वर गेलें. प्रतिनिधिसभेंतील टेक्ससचे हेन्री गोंझालेझ यांनीं व्होल्कर यांवर महाभियोग आणण्याचा प्रयत्न केला. महागाई त्याच वर्षाअखेर शेंकडा चारच्या खालीं आली, हेंही येथेंच नमूद करावयास हवें. औषध लागू पडलें, याविषयीं आमचें दुमत नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं, युद्धाच्या व तेलाच्या निर्णयांत ज्या सुताराचा कांहीं हात नव्हता, त्याच्या वाट्यास औषधाचा सर्वांत कडू घोट आला.

राहिले बचत करणारे. यांचें तर चांगलेंच फावलें असेल, असें वाचकांस वाटेल. पण साध्या बचतखात्यावर किती व्याज द्यावें याची कमाल मर्यादा अमेरिकेंत कायद्यानें बांधलेली होती: बँकांत शेंकडा ५.२५, गृहकर्ज देणाऱ्या ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ संस्थांत ५.५. हजार डॉलर ठेवणाऱ्या वृद्धेस वर्षाअखेर १,०५५ मिळत, आणि महागाई शेंकडा १३ असतां तोच संसार चालवावयास १,१३० लागत. आपल्या दामदुपटाच्या नियमाप्रमाणें व्याजाची मर्यादा ऋणकोच्या रक्षणास असावी. येथें ती गरीब धनकोवरच उलटली. दहा हजार डॉलर एकदम गुंतवूं शकणाऱ्यांस १९७८ पासून बाजारभावाचें व्याज देणारीं सहामाही प्रमाणपत्रें मिळत होतीं. लहान ठेवीदारांस वाट सांपडली ती नव्या ‘मनी मार्केट’ निधींची. त्यांत १९८२ पर्यंत दोनशें अब्ज डॉलरांहून अधिक पैसा लोटला.

हा पैसा जुन्या संस्थांतून निघाला, आणि त्यांची कोंडी झाली. त्यांनीं शेंकडा सहा-सातनें तीस वर्षांचीं कर्जें देऊन ठेवलेलीं. ठेवी टिकवावयाच्या तर शेंकडा बारा-पंधरा द्यावयाचे. म्हणजे ज्या जुन्या घरमालकाचें सुख आम्हीं वर वर्णिलें, त्याची किंमत या संस्था भरीत होत्या. १९८१ व १९८२ या दोनच वर्षांत त्यांस आठ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. सरकारनें त्या बंद करण्याऐवजीं १९८२ च्या कायद्यानें त्यांस अधिक धाडशी धंदे करण्याची मोकळीक दिली, आणि बुडत्या संस्थांनीं ठेवीदारांच्या विमा उतरलेल्या पैशावर जुगार मांडला. व्याज उतरून कित्येक वर्षें लोटल्यावर त्या शेंकड्यांनीं कोसळल्या. विमा असलेल्या ठेवी परत मिळाल्या. परंतु १९९९ पर्यंत या साफसफाईचा करदात्यांच्या माथीं आलेला खर्च सुमारें १२४ अब्ज डॉलर भरला.