हिमस्खलनाचा इशारा : एका आकड्यामागचा इतिहास

#थ्रेड

१/ डिसेंबर १९१६. पहिले महायुद्ध आल्प्सच्या शिखरांपर्यंत पोहोचले होते. मार्मोलाडा पर्वताच्या कुशीत, ग्रान पोझ या ठिकाणी, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याची लाकडी छावणी होती. कड्यांच्या आडोशामुळे इटलीच्या तोफांचा मारा तिच्यापर्यंत पोहोचत नसे. धोका होता तो वरच्या उतारावर साचत चाललेल्या हिमाचा.

२/ छावणीचा कप्तान रुडोल्फ श्मिड याने हा धोका ओळखला आणि छावणी हलवण्याची लेखी विनंती केली. वरिष्ठांनी ती फेटाळली. प्रचंड हिमवृष्टीनंतर हवा एकाएकी उबदार झाली आणि १३ डिसेंबरच्या पहाटे उतार कोसळला. सुमारे २७० सैनिक गाडले जाऊन मरण पावले. हा दिवस ‘पांढरा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्या दिवशी बुधवार होता.

३/ श्मिडचा अंदाज खरा ठरला. परंतु वरिष्ठांपुढे ठेवण्यासाठी त्याच्यापाशी अनुभवाखेरीज काहीही नव्हते. ना मोजमाप, ना सर्वमान्य परिभाषा. अशा अनुभवाचे पुढे मोजता येणाऱ्या इशाऱ्यात रूपांतर कसे झाले, त्याची ही कथा.

४/ आल्प्समधील गावांना हिमस्खलन नवे नव्हते. स्वित्झर्लंडमधील आंदेरमाट या गावाने १३९७ मध्येच गावावरच्या डोंगरातील जंगल तोडण्यास लेखी बंदी घातली. आपल्याकडे देवराईला कोणी हात लावत नाही, तो देवाच्या धाकाने; तेथे धाक हिमाचा होता. स्विस वनाधिकारी योहान कोआझ यांनी १८८१ मध्ये आपल्या देशातील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

५/ हे पारंपरिक ज्ञान ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर देत असे. कोणत्या घळीतून हिम उतरते, हे गावातील वृद्धांना ठाऊक असे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्की आली आणि माणसे हिवाळ्यात अशा उतारांवर जाऊ लागली, जेथे पूर्वी त्या ऋतूत कोणी फिरकत नसे. १८९७ मध्ये जर्मन भूशास्त्रज्ञ विल्हेल्म पाउल्के यांनी सहकाऱ्यांसह बर्नच्या पर्वतराजीतून स्कीवर प्रवास केला. पुढे त्यांनी हिमाचाच अभ्यास हाती घेतला. आता प्रश्न उरला होता, ‘केव्हा?’

६/ १९३१ मध्ये स्वित्झर्लंडने हिम व हिमस्खलनाच्या संशोधनासाठी आयोग नेमला. १९३६ मध्ये दाव्होस शहरावरच्या वाइसफ्लूयोख येथे, अडीच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, लाकडी प्रयोगशाळा उभी राहिली. अभियंता रॉबर्ट हेफेली आणि स्फटिकशास्त्राचे अभ्यासक हेन्री बाडर यांच्यासारखे संशोधक तेथे हिमात खड्डे खणून त्याचे थर तपासू लागले.

७/ उत्खननात मातीचे थर वाचावेत, तसे ते हिमाचे थर वाचत होते. प्रत्येक हिमवृष्टी, प्रत्येक वादळ, प्रत्येक निरभ्र थंड रात्र थरांत आपली खूण ठेवून जाते. उतारावरचे हिम म्हणजे त्या हिवाळ्याच्या हवामानाची बखरच.

८/ त्या बखरीतील सर्वांत घातक पान बहुधा तळाशी असते. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास असते, पृष्ठभाग मात्र अतिशय थंड. या तफावतीमुळे बाष्प वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. वारा त्यावर हिमाची घट्ट लादी रचतो, विशेषतः वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका माणसाच्या भारानेही खालचा थर मोडतो. तडा क्षणात पसरतो आणि सगळी लादी सुटते.

९/ १९४२ मध्ये या संशोधनासाठी कायमस्वरूपी संस्था स्थापन झाली. महायुद्धाच्या काळात स्विस लष्कराची स्वतंत्र हिमस्खलन सेवा होती. युद्ध संपल्यावर, १९४५ पासून, जनतेसाठी इशारापत्रके काढण्याचे काम या संस्थेने स्वीकारले. श्मिडला जे एकट्याच्या बळावर सांगावे लागले, ते आता एक संस्था मोजमापांच्या आधारे सांगू लागली.

१०/ तरीही १९५०-५१ च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ जणांचा बळी गेला. २० जानेवारी १९५१ रोजी, ज्या आंदेरमाटने साडेपाच शतकांपूर्वी जंगल राखले होते, तेथेच १३ माणसे दगावली. त्यानंतर उतारांवर हिम अडवणारे बांध आणि कठडे मोठ्या प्रमाणावर उभारले गेले. कोठे घर बांधू नये, हे सांगणारे नकाशे तयार झाले.

११/ १९९३ मध्ये युरोपीय देशांनी पाच पायऱ्यांची समान धोकाश्रेणी स्वीकारली : १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ मोठा, ५ अतिशय मोठा. आता विचारावेसे वाटते, सर्वाधिक स्कीपटू आणि गिर्यारोहक कोणत्या पायरीवर मरतात?

१२/ पाचव्या नव्हे, तिसऱ्या. स्वित्झर्लंडमधील अशा मृत्यूंपैकी सुमारे निम्मे याच पायरीवर होतात. पाचव्या पायरीला वादळ घोंगावत असते, रस्ते बंद असतात, कोणी बाहेर पडत नाही. तिसऱ्या पायरीला अनेकदा आकाश निवळलेले असते, ताजे हिम खुणावत असते आणि ‘तीन म्हणजे मधलेच’ अशी समजूत होते. बळी गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर आलेले स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातील कोणीतरी सुरू केलेले असते.

१३/ गाडल्या गेलेल्या माणसापाशी वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर तीनांपैकी एखादाच. बाहेरची मदत इतक्यात पोहोचत नाही. म्हणून गटातील प्रत्येकाजवळ शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे असावे, हा नियम झाला.

१४/ भारतात १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलनाच्या अभ्यासाची संरक्षण संस्था सुरू झाली. हिमालयातील जिल्ह्यांसाठी आज नियमित इशारे निघतात. तरीही ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलनात गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीतील २९ जण गेले. महिना ऑक्टोबरचा होता; हिम पंचांग पाहून कोसळत नाही.

१५/ सह्याद्रीत पावले घट्ट करून दर वर्षी अनेक मराठी तरुण हिमालयाकडे निघतात. वाचकहो, तुम्हीही निघाल तेव्हा तीन प्रश्न विचारा : गेल्या दोन-तीन दिवसांत हिम किती पडले? वारा कोणत्या बाजूने वाहिला? हवा एकाएकी उबदार झाली आहे का? आणि उत्तरे ऐकून वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर त्याचे ऐका. ग्रान पोझला सांगणारा होता, ऐकणारा नव्हता.