पंढरपूरची जुनी छायाचित्रे : एक वाचन



इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आपल्याला आठवतात. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगणारे एक साधन पुष्कळ घरांत भिंतीवर टांगलेले असते, नाहीतर पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेले असते. ते म्हणजे जुना फोटो. हे साधन वाचायचे कसे, ते आज आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरच्या आधारे पाहू.

छायाचित्रणाची कला मुंबईत १८४० च्या सुमारास आली आणि १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. जुन्या काळी बरीच चित्रे काचेवर घेत. त्याला वेळ लागे. तेवढ्या वेळात जे स्थिर राहील ते स्पष्ट उमटे आणि जे हलेल ते पुसट होई, नाहीतर नाहीसेच होई. म्हणून फार जुन्या फोटोत घाट, पायऱ्या, शिखरे रेखीव दिसतात आणि रस्ता मात्र ओस वाटतो. गाव तेव्हा ओस होते काय? मुळीच नाही. माणसे चालत होती, एवढाच त्याचा अर्थ!

आता नदी घ्या. भीमा पंढरपुराजवळ चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचे. वाळवंटातून घेतलेल्या फोटोत पुंडलिकाचे मंदिर अलीकडे आणि घाटांची रांग मागे दिसते. यात पाणी किती आहे ते नीट पाहावे. १९८० साली वरच्या अंगाला उजनी धरण पुरे झाले. त्याआधीच्या फोटोत पात्र दुथडी भरलेले असेल, तर तो पावसाळ्याचा म्हणायला हरकत नाही. त्यानंतरच्या फोटोविषयी तसे ठामपणे म्हणता येत नाही, कारण धरणातून सोडलेले पाणी ऐन उन्हाळ्यातही येते. एकच नदी, पण साल कळल्याशिवाय तिचे पाणीसुद्धा वाचता येत नाही.

रेल्वेचेही असेच. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास १९०६ साली आली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत गेली. फोटोत हा अरुंद रूळ दिसला, तर तो १९०६ पूर्वीचा नव्हे हे नक्की. रस्त्यावर पुष्कळ गांधी टोप्या दिसल्या, तर तो बहुधा १९२० नंतरचा. अशा खुणांवरून काळ ठरवता येतो.

परंतु काही गोष्टी नुसत्या खुणांवरून कळत नाहीत. महाद्वाराचा फोटो घ्या. तेथे नामदेवांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी आहे. फोटोत दार उघडे दिसते. पण ते कोणाला उघडे होते आणि कोणाला बंद होते, हे कॅमेऱ्याला कुठून दिसणार? हरिजनांना या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले. ते १० मे रोजी सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. १९४० सालचा महाद्वाराचा फोटो आणि १९५० सालचा फोटो शेजारी ठेवा. दगड तोच, पायरी तीच. पण पहिल्यात पायरीशी थांबलेला माणूस कदाचित नाइलाजाने थांबलेला असेल. फोटोच्या पाठीवर साल नसेल, तर हा फरक आपल्याला कधीच कळायचा नाही.

याच मंदिरात ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ म्हणून शिलालेख आहे. त्यात यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील देणग्यांची नोंद आहे आणि शके ११९५, म्हणजे इ. स. १२७३ पासूनचे उल्लेख आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी काळ नोंदवून ठेवला, म्हणून आज आपण खात्रीने बोलतो. आपल्या आजोबांच्या फोटोविषयी मात्र आपण ‘असेल केव्हाचा तरी’ म्हणतो!

हे काम आताच व्हायला हवे. २०२४ साली मंदिराचे मूळ दगडी रूप उघडे करण्याचे काम झाले. भोवतालच्या गल्ल्या रुंद करण्याच्या योजनांवर गावात बरीच चर्चा झाली आहे. वाडे आणि गल्ल्या बदलतील, आणि ‘हा अमक्याचा कट्टा, इथून दिंडी वळायची’ असे सांगणारी म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून एक विनंती. मुलांना घरातला एखादा जुना फोटो आजीपुढे ठेवायला सांगा. पंढरपूरचाच पाहिजे असे नाही, आपल्या गावची वेस, पार, नदीचा उतार, काहीही चालेल. जागा कोणती, फोटो कोठे उभे राहून काढला, साल कोणते, माणसे कोण आणि हे सांगितले कोणी, एवढी पाच उत्तरे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने पाठीवर लिहावीत. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला फुटते. फोटो ओल्या फडक्याने पुसू नये आणि खळीने वहीत चिकटवू नये. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द जरूर घालावा. मोबाईलवर त्याची प्रत काढून पाठीवरचा मजकूरही टिपून घ्यावा.

शिलालेख कोरायला बराच खटाटोप लागत असे. हा लेख लिहायला एक पेन्सिल आणि आजीजवळ बसायला अर्धा तास पुरे आहे.