साडेतीनशे किलोमीटर, दीड मिनिट

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६
गणपती विसर्जन करून किल्लारी नुकती कुठे निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. भूकंप झाला, भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. सात हजारांहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस १३९२०’ हे मानक काढलं. भूकंपात काँक्रीटची इमारत तगावी म्हणून सळई कशी बांधायची, ते त्यात लिहिलं आहे.

पुढची सात वर्षं
गुजरातच्या शहरांत अपार्टमेंटं उभी राहिली. खाली पार्किंग हवं म्हणून तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते कॉलम. वर भिंतींनी भरलेले मजले, गच्चीवर पाण्याची टाकी. हादऱ्यात वरचा डोलारा एकसंध सरकतो आणि सगळा ताण त्या उघड्या कॉलमांवर येतो.

कॉलमच्या आत उभ्या सळया असतात आणि त्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवलं, तर कॉलम डोलू लागताच वरचं काँक्रीट फुटतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तेच टोक १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात वळवलं, की रिंग सुटत नाही. कामगाराच्या हाताला एक जादा हिसका लागतो, एवढाच फरक. मला तरी या सगळ्या कहाणीत याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

२५ जानेवारी २००१, रात्र
जमिनीने काही सांगितलं नाही. कुठला भूकंप कधी येणार, हे तास-मिनिटांत सांगणारी विद्या आजही कुणाकडे नाही. कच्छ पूर्वी हादरलं होतं, १८१९ मध्ये आणि १९५६ मध्ये अंजारला. धोक्याची जागा ठाऊक होती, वेळ नव्हती.

२६ जानेवारी, सकाळी ८
शुक्रवार, प्रजासत्ताक दिन. मुलं झेंडावंदनाला निघालेली. अंजारच्या अरुंद गल्लीतून शाळकरी मुलांची फेरी चाललेली.

८:४६:४०
कच्छमध्ये भचाऊजवळ, सुमारे वीस किलोमीटर खोल, खडक सरकला. तीव्रता ७.७. अंजारच्या गल्लीत दोन्ही बाजूंची घरं फेरीवर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले.

सुरतजवळच्या कोसाडला या क्षणी काहीच जाणवलेलं नाही.

८:४७:३०, कोसाड
तापीपल्याडचं, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचं हे स्टेशन केंद्रापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. लहरींच्या वेगाचा हिशेब मांडला तर पहिली लहर इथे पन्नासेक सेकंदांत पोचते. ती वेगाने येते, पण तिच्यात जोर नसतो. भांडी किणकिणतात, खिडकीचं तावदान थरथरतं. रुळाकाठच्या घराला मालगाडी गेल्यासारखंच वाटणार.

इथून पुढची तीसेक सेकंदं फार मोलाची. जिन्याकडे पळायचं नाही; जिना घाईने उतरताना माणसं पडतात आणि कित्येकदा आधी जिनाच तुटतो. भक्कम टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. टेबल नसेल तर काच आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी बसायचं. पण हे त्या क्षणी सुचत नाही. आधी घरात दोनदा करून पाहिलेलं असावं लागतं. कपाट पट्टीने भिंतीला ठोकलेलं असावं. माळ्यावरचा पितळेचा हंडा पलंगाच्या डोक्यावर नसावा.

८:४८ च्या पुढे
आता जोराच्या लहरी. इतकं अंतर कापताना झटक्यांची धार जाते, उरतात ते संथ, लांब झोके. उंच इमारतींना नेमके तेच बाधतात. नदीच्या गाळाची मऊ जमीन झोके आणखी वाढवते. सुरत तापीच्या गाळावर, अहमदाबाद साबरमतीच्या. अहमदाबादेत कितीतरी बहुमजली इमारती तळमजल्यावर बसल्या. सुरतेतही बहुमजली इमारत जमीनदोस्त झाली. आणि तिच्यासारख्याच मातीवर तितक्याच उंचीच्या कित्येक उभ्याच राहिल्या.

पुढचे तास
भुजचा संपर्क तुटला. तिथलं सरकारी रुग्णालयच पडलं होतं, जखमींना उघड्यावर ठेवावं लागलं. पाठचे धक्के येत राहिले. मृतांचा आकडा पुढे तेरा हजारांवर गेला. २००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा सुधारला; सुरत त्यात तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात धरली होती.

आज
कोसाडला आता दाट वस्ती आहे आणि नवी बांधकामं चालूच आहेत. घर बुक केलं असेल तर कॉलम भरायच्या आदल्या संध्याकाळी साईटवर जा. शटरिंग लागायच्या आत रिंगा उघड्या दिसतात. टोक आत वळलंय का, कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना, बीमशेजारी, रिंगा दाट आहेत का, हे मिस्त्रीला विचारा. विचारायला संकोच नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू होतो आणि रिंगा काँक्रीटमध्ये झाकल्या जातात.