सिंकिंग फंड: दाभोळच्या मशिदीपासून डोंबिवलीच्या गच्चीपर्यंत

आजचा भाग दाभोळहून, आमच्या घराच्या पडवीतून. मागे धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या.

विषय थोडा रुक्ष वाटेल: बिल्डिंगच्या दुरुस्तीचा पैसा. पण थांबा, स्किप करू नका. गोष्ट आदिलशाहीपासून सुरू होते.

दाभोळच्या खाडीकाठी एक देखणी दगडी मशीद आहे. शाही मशीद म्हणा, अंडा मशीद म्हणा. १६५९-६० मधली. विजापूरची शहजादी मक्केला निघाली होती, इथे अडकली आणि यात्रेचा पैसा तिने या बांधकामाला लावला, अशी आख्यायिका. मला त्यातला एक छोटासा तपशील जास्त आवडतो. मशिदीच्या देखभालीसाठी म्हणे आठ गावांचं उत्पन्न लावून दिलं होतं. म्हणजे इमारत बांधतानाच ‘हिची डागडुजी पुढे कोण करणार?’ हा प्रश्न कुणाला तरी पडला होता. पण आदिलशाहीच १६८६ मध्ये संपली. देणाराच गेला की नेमणुकीचा भरवसा काय?

आता थेट मुंबईत येऊ, कारण दाभोळचा माणूस शेवटी तिथेच जातो. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. त्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी होते. सभासदांनी सोसायटीचे शेअर घ्यायचे आणि भाडंही आपल्याच सोसायटीला भरायचं. भाडेकरू आणि मालक एकच! त्यामुळे गळक्या छपरासाठी शिव्या घालायला दुसरा कुणी उरत नाही.

बाकी शहरात मात्र उलटं झालं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्यात वाद नाही. पण सिमेंट, गवंडी, लाकूड यांचे भाव कुणी गोठवले नव्हते. मालकाने दुरुस्तीतून अंग काढलं, चाळी खचत गेल्या, आणि शेवटी १९६९ मध्ये सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, उपकर लावावा लागला. आजही ‘सेस बिल्डिंग’ म्हणतात ती यातलीच.

मालकी हक्काचे फ्लॅट घेणाऱ्यांना वाटलं, आपण सुटलो. मीही त्यातलाच.

आमचा डोंबिवलीचा फ्लॅट बाबांनी १९९० मध्ये घेतला. आता तिथे मी राहतो, आई-बाबा रिटायर होऊन दाभोळला आले. गेल्या पावसात वरच्या स्लॅबचा पोपडा माझ्या लॅपटॉपपासून हातभर अंतरावर पडला. आतली सळई गंजून फुगलेली. स्ट्रक्चरल ऑडिट झालं (आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं, आमचं हे पहिलंच!) आणि प्रत्येक घरामागे दीड लाखाची मागणी आली. मी विचारलं, सिंकिंग फंड कुठे गेला? कुणी खाल्ला नव्हता. तो होताच एवढासा.

हिशेब बघा. उपविधी म्हणतात, जमीन सोडून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत. समजा १९९० मध्ये फ्लॅटचा बांधकाम खर्च ३ लाख. सिंकिंग फंडाचे वर्षाला ७५० रुपये. सात टक्के व्याज धरून तीस वर्षांत साधारण ७१ हजार. आता बांधकामाचा भावही सात टक्क्यांनीच वाढला असं धरा. ३ लाखांचे होतात जवळपास २३ लाख. म्हणजे तीस वर्षं नियम पाळून हातात तीन टक्के! ‘किमान’ हा शब्द सगळ्यांनी ‘कमाल’ असा वाचला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत २४ जून २०२१ ला कोसळली, ९८ माणसं गेली. एका इंजिनिअरने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीच्या वर्गणीवर वाद चालले होते. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या कायद्याने उंच इमारतींना ‘रिझर्व्ह स्टडी’ सक्तीची केली: छत, खांब, प्लंबिंग, कशाचं आयुष्य किती उरलं, बदलायला किती लागतील, त्यासाठी आजपासून किती साठवायचे. आपल्या उपविधीत टक्केवारी आहे, हा अभ्यास नाही.

आता खरी गंमत. सोसायटीची जुनी इतिवृत्तं चाळताना २००३ च्या सभेत निधी वाढवण्याचा ठराव सापडला. नामंजूर. विरोध करणाऱ्यांत बाबांचं नाव.

काल जेवताना विचारलंच. “बाबा, तुम्ही विरोध केला होतात?”

“केला होता. तुझ्या शाळेची फी भरायची होती तेव्हा.”

मला पुढे बोलता येईना. आईने आमटी वाढली.

पुढच्या रविवारी विशेष सभा आहे. ठराव मीच मांडतोय, एक्सेल शीटसकट. फ्लॅट बाबांच्या नावावर, त्यामुळे मतही त्यांचंच. ते येणार आहेत. “पण दर महिन्याला किती वाढवताय ते आधी सांग,” म्हणाले, “मग बघतो.”