वसई-विरारमधील पर्जन्यजल-व्यवस्था

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वसई-विरार हे नागरी क्षेत्र दक्षिणेस वसईची खाडी (उल्हास नदीचे मुख), उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर यांनी वेढलेले आहे. येथे वर्षाला सु. २,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. एवढे पाणी कोठे साठवावयाचे, कोठे जिरू द्यावयाचे व केव्हा समुद्रात सोडावयाचे, याची एक व्यवस्था या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर वाढले, तशी ती मोडत गेली.

या प्रदेशाचे उत्तर-दक्षिण असे तीन पट्टे पडतात. पश्चिमेस अर्नाळा-आगाशीपासून वसईपर्यंत वालुकामय उंचवटा असून जुनी गावे व केळी, पानवेल, फुले यांच्या वाड्या याच उंचवट्यावर आहेत. पूर्वेस डोंगरपायथ्याची भातशेती. या दोहोंमधील सखल पट्टा मात्र मूळचा खाडीचा. वसईचा पश्चिम भाग पूर्वी बेटच होता व सोपारा खाडीने तो मुख्य भूमीपासून वेगळा केला होता. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ज्या सोपाऱ्याचा स्तूप उत्खनन करून उजेडात आणला, ते प्राचीन शूर्पारक बंदर याच खाडीमुळे भरभराटीस आले. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि तिच्या दोन्ही काठांस खारजमिनी, मिठागरे व तिवरांची खाजणे उरली. जुन्या वस्तीने हा पट्टा घरांसाठी वापरला नाही, ही बाब विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

पश्चिमेच्या गावांत पाणी धरून ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे ‘बावखल’. वाडीत किंवा वाडीलगत खोदलेले हे रुंद तोंडाचे, विहिरीपेक्षा मोठे पण तलावापेक्षा लहान असे जलाशय होत. पावसाळ्यात वाड्यांवरून व पाणंदींतून वाहणारे पाणी त्यांत उतरे आणि वालुकामय थरांतून सावकाश जिरे. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते; त्याचा थर जितका जाड, तितकी विहीर गोडी. बावखलांमुळे हा थर दरवर्षी नव्याने भरला जाई. उन्हाळ्यात रहाटाने पाणी काढून वाड्या शिंपल्या जात. म्हणजे पूर कमी करणे आणि पिण्याचे व शेतीचे पाणी राखणे, ही दोन्ही कामे एकाच खड्ड्याने साधली जात होती.

सखल पट्ट्यातील व्यवस्था निराळी होती. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालीत व बांधात उघाड्या ठेवीत. उघाडीचे झडप बाहेरच्या भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने उघडते. दोन भरतींमध्ये सु. साडेबारा तासांचे अंतर असते. त्यातील कित्येक तास उघाडी मिटलेली राहते. त्या वेळात पडणारा पाऊस कोठेतरी थांबलाच पाहिजे. खारीतील भातखाचरे, पावसाळ्यात रिकामी असणारी मिठागरे व खाजणे ही ती थांबण्याची जागा होती. नुसता नाला कितीही रुंद केला, तरी भरतीच्या वेळी त्यातून पाणी बाहेर जात नाही. गटारांचे आराखडे करणाऱ्यांना या साध्या गोष्टीचा विसर पडलेला अनेकदा दिसतो.

१८६४ मध्ये मुंबई ते गुजरात हा लोहमार्ग पूर्ण झाला. पूर्वेकडील डोंगरांचे पाणी पश्चिमेस वाहते, तर लोहमार्गाचा भराव उत्तर-दक्षिण आडवा पडला. पाण्याला भरावाखालील मोऱ्यांपुरतीच वाट उरली. भोवती शेते होती तोवर याचा फारसा त्रास जाणवला नाही. पुढे मात्र मुंबईत घर न परवडणारा नोकरदार व कामगार वर्ग वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांभोवती राहावयास आला. १९८० नंतरच्या दशकात टँकरने होणारा भूजलाचा उपसा व शेतजमिनी बांधकामास खुल्या करण्याचे धोरण यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन केले. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. विकास आराखड्यास मंजुरी मिळण्यास २००७ साल उजाडले. तोवर अनेक इमारती आराखड्यावाचूनच उभ्या राहिल्या होत्या. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि लगतची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली.

एक हेक्टर जमिनीवर १०० मिमी. पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी होते. बांध असलेल्या भातखाचरात त्यातील बरेचसे राहते. तेथेच छप्पर, फरशी व डांबरी रस्ता झाल्यावर जवळजवळ सर्वच वाहून जाते. शिवाय भराव टाकलेल्या नव्या वसाहतीचे पाणी शेजारच्या जुन्या, सखल वस्तीत शिरते. अशा वस्तीत बहुधा कमी उत्पन्नाची कुटुंबे राहतात. वरच्या मजल्यावर जाण्याची सोय त्यांना नसते.

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत हे सर्व एकदम प्रत्ययास आले. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वडोदरा एक्सप्रेसमधील प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले, वसईच्या मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली व शहराच्या मोठ्या भागात वीज बंद राहिली. त्यानंतर महानगरपालिकेने राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांजकडून पाहणी करविली. त्यांच्या शिफारशींत नाल्यांच्या सुधारणेबरोबर धारण-तलावही सुचविण्यात आले. भरती असेपर्यंत पाणी थोपवून धरणे हे या तलावांचे काम. म्हणजे खारी व मिठागरे जे फुकट करीत होती तेच, आता महागड्या जमिनीवर करावयाचे. चीनमध्येही २०१५ पासून निवडक शहरांत पाणी शोषणारी उद्याने व तळी राखण्याची ‘स्पंज शहर’ योजना राबविण्यात आली. तथापि भरतीची अडचण वसईस जशी आहे, तशी अंतर्भागातील शहरांना नसते.

अलीकडे पश्चिमेच्या काही गावांतील तरुणांनी गाळ व कचरा काढून बावखले पुन्हा वापरात आणली आहेत. अनेक बावखले मात्र डासांच्या भीतीने किंवा बांधकामासाठी आधीच बुजविली गेली. ती बहुतांशी खाजगी जागेत असल्याने बुजविणे सोपे होते. जी वाचली, त्यांनी आसपासच्या विहिरी गोड राहण्यास मदत होते. परंतु ती उंचवट्यावर आहेत, आणि पाणी तुंबते ते सखल पट्ट्यात. ऑगस्ट २०२५ मधील पावसात नालासोपारा, वसई व विरार येथील सखल भाग पुन्हा पाण्याखाली गेले.